सांताचं विसर्जन

पेणमध्ये वाढलेल्या माणसाला काही गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नाहीत. मूर्ती कारखान्यातून बाहेर निघाली की तिच्या तोंडावर रुमाल टाकायचा, ही त्यातली एक. मी गेल्या डिसेंबरात सांताक्लॉजच्या तोंडावरही टाकला. पुढचं सगळं त्या रुमालामुळे झालं असं म्हणायला मला आवडेल, पण रुमाल माझा होता आणि हातही माझाच होता.

मी रोह्याजवळच्या एका दोन शिक्षकांच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. समोरच्या रस्त्यावरून धाटावच्या कंपन्यांच्या बसगाड्या जातात. पहिली शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजला की आमची मुलं माझ्याआधी दप्तर भरतात. वर्गात गावातली मुलं आहेत, मोहल्ल्यातली आहेत आणि डोंगराकडच्या आदिवासी वाडीतली पाच-सहा. ही पाच-सहा दिवाळी झाली की एकेक करून कमी होतात. आईबाप वीटभट्टीवर जातात, मुलं त्यांच्याबरोबर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. काही येतात, काही नाही.

तिसरीतल्या एका मुलीला मी त्या वर्षी जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ती फार हुशार होती म्हणून नव्हे. तिला नुकतं वाचता यायला लागलं होतं. बसच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, माझ्या शर्टाच्या कॉलरमागचं लेबल, जे दिसेल ते ती मोठ्यानं वाचायची. असं नुकतं लागलेलं वाचन सहा महिने भट्टीवर ठेवलं तर त्याचं काय होतं, ते मी दरवर्षी जूनमध्ये बघतो.

दिवाळीनंतर भट्टीची गाडी वाडीत आली तेव्हा मी तिथे जाऊन उभा राहिलो. तिचा बाप गोणी वर टाकत होता.

“पोरीला आजीजवळ ठेव,” मी म्हटलं.

“तान्ह्या पोराला कोन बघल, गुरजी? आमी दोघं चिखलात.”

उत्तर नसलं की मी तोंड उघडतो, ही माझी जुनी खोड. “निदान नाताळपर्यंत राहू दे,” मी म्हटलं. “शाळेत मोठा कार्यक्रम आहे. ती त्यात आहे.”

कार्यक्रम नव्हता, आणि ती कशातच नव्हती. बापानं बायकोकडे बघितलं. बायकोनं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं.

“नाताळपातूर,” तो म्हणाला. “मंग मी येतो न्यायला.”

मी विजयी मुद्रेनं परत आलो. तोवर काहीतरी सुचेल, बाप विसरेल, आजी अडवेल, असा माझा हिशेब होता. खरं म्हणजे हिशेब एवढाच होता की नाताळ अजून लांब आहे.

आता बोलून बसलो होतो, तर कार्यक्रम करणं भाग होतं. केंद्रप्रमुख बाईंनी ग्रुपवर ‘सर्व धर्मांचे सण, फोटोसह’ असं टाकलंच होतं. मग मी पेटलो. किनाऱ्यावरून सुरूची फांदी आणवली आणि ती रेतीच्या डब्यात रोवली. बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद देऊन मुलांना चांदण्या करायला बसवलं. मोहल्ल्यातला एक मुलगा, ज्याचे अब्बा दुबईत आहेत, फांदीकडे बघून म्हणाला, “गुरुजी, अब्बांच्या मॉलमधला झाड तीन माळ्यांचा हाय. मी व्हिडिओ कॉलवर बघितलाय.”

“आपला पाव माळ्याचा,” मी म्हटलं.

“पाव पन नाय वो.”

सगळ्यांच्या चांदण्या झाल्या. त्या मुलीची होईना. ती काड्या बांधायची, कागद चिकटवायची, आणि दुसऱ्या दिवशी सोडून पुन्हा बांधायला घ्यायची. मी दोनदा ओरडलो. “अगं, नाताळ निघून जाईल!”

ती घाईघाईनं म्हणाली, “नाय गुरुजी, मी हळू करते.”

मला वाटलं, पोर गडबडली, उलट बोलली.

मग सांता. पेणला आमच्या घराशेजारी गणपतीचा कारखाना आहे. मालक लहानपणी माझ्याच वर्गात होता, त्यामुळे मला ओळखून आहे.

“शाडूचा सांता पाहिजे,” मी म्हटलं.

“साचा कुठून आणू?”

“तूच बघ.”

त्यानं बघितलं. बसलेल्या गणपतीच्या साच्यातून धड काढलं, पोटाचा प्रश्न तिथेच सुटला. दोन हात कमी केले. डोकं, दाढी, टोपी हातानं केली. पीतांबर लाल रंगवला. उजवा हात आशीर्वाद देत होता तो तसाच राहिला, आणि डाव्या हातातल्या मोदकाला फीत काढून त्याची भेटवस्तू झाली. सांता पाटावर मांडी घालून बसला होता, मागे लोड होता.

“थोडा आपल्यातला वाटतो,” मी म्हटलं.

“पेणचा आहे,” तो म्हणाला.

मी रुमाल टाकला आणि मूर्ती मांडीवर घेऊन रोह्याच्या एसटीत बसलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, “माघी गणपतीला अजून लय वेळ हाय ना?”

“गणपती नाही, सांता आहे.”

त्यांनी रुमालाचं टोक उचलून आत बघितलं, टोक पुन्हा नीट ठेवलं आणि हात जोडले.

शाळेच्या दारात झाकलेलं तोंड बघताच मुलांनी जो ‘मोरया’ केला, त्यानं शेजारच्या वर्गातल्या बाई खडू घेऊनच बाहेर आल्या. रुमाल काढला तरी फरक पडला नाही. चौथीतला एक जण म्हणाला, “गुरुजी, ह्यो गणपतीचा भाऊ काय?” दुसऱ्या दिवशी सांतापुढे जास्वंद होती. मी हसलो, फोटो काढले. मग प्रश्न आला, जो कोकणात कुठल्याही मूर्तीबद्दल येणारच.

“गुरुजी, सांता दीड दिसाचा का पाच दिसांचा?”

वर्गात वादळ उठलं. प्रत्येकाच्या घरी जेवढे दिवस गणपती, तेवढे दिवस सांता. तेवढ्यात ती मुलगी, जी वर्गात मोठ्यानं फक्त पाट्या वाचायची, उभी राहिली.

“धा दिसांचा करा, गुरुजी. मोठ्या गणपतीवानी.”

“अगं, मध्ये सुट्टी आहे.”

“सुट्टीत मी बघीन त्याला. रोज येईन.”

“हिला काय झालंय गो?” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले आणि मीही हसलो.

मला कळायला हवं होतं. वाडीत तिला सांगितलं गेलं होतं, नाताळ झाला की जायचं. आणि सण कधी होतो हे तिला पक्कं माहीत होतं. मूर्ती बुडते तेव्हा. पण मी त्या वेळी पर्यावरणात होतो. शाडूची मूर्ती, बादलीतलं विसर्जन, पाणी झाडाला, असा सगळा फोटो माझ्या डोक्यात तयार होता. पंचवीसला सुट्टी, म्हणून चोवीसलाच उरकायचं असं मी जाहीर केलं.

चोवीसला मुलांनी अंगणात बादली ठेवली. जास्वंदीची फुलं, ताटली, ढोल म्हणून डब्यावर काठी. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ झालं. फाटकाशी एक माणूस डोक्यावरचा फडका काढून, हात जोडून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, पण मोबाइलमधून, म्हणून ओळखलं नाही.

सांता बादलीत बसला. आधी दाढी गेली. लाल रंग पाण्यात पसरला. आशीर्वादाचा हात सगळ्यात शेवटी मऊ झाला.

ती मुलगी माझ्याजवळ आली. “गुरुजी, संपला?”

“संपला एकदाचा!” मी म्हटलं. फोटो चांगला आला होता.

ती वर्गात गेली आणि दप्तर घेऊन बाहेर आली. तेव्हा मला फाटकातला माणूस ओळखू आला.

तो खुशीत होता. भट्टीवरून एक दिवस सुटून आला होता. “तुमच्या शब्दाला आलो, गुरजी. नाताळ बोललात, नाताळाला हजर.”

“अरे पण नाताळ उद्या आहे,” मी म्हटलं. “खरा नाताळ उद्या. आणि तोही एका दिवसाचा नसतो. चौलकडच्या ख्रिस्ती लोकांच्यात जानेवारीपर्यंत चालतो.”

हे सगळं खरं होतं. मी दिवाळीपासून रोज म्हणू शकलो असतो असं खरं होतं.

त्याचा चेहरा गोंधळला. माझा अपमान होऊ नये अशा आवाजात तो म्हणाला, “मंग बुडवला कसा, गुरजी?”

मी बादलीकडे बघितलं. मुलं हात घालून ढवळत होती.

“बुडवल्याव कुठं सन राहतो?” तो म्हणाला, आणि माझी अडचण ओळखून स्वतःच हसला. “असू द्या. तान्हा लय रडतो तिकडं. हिला बघितला की गप बसल.”

रडणारं पोरही खरंच होतं. मी शाळेचं बोललो, हजेरीचं बोललो, जूनचं बोललो. तो प्रत्येकाला ‘व्हय, व्हय’ म्हणाला आणि मुलीच्या खांद्यावरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं. ते घेऊन जायचं की इथे ठेवायचं, हे त्याला विचारायचं मला सुचलं नाही.

तिची चांदणी फांदीवर नव्हती. बाकावर होती, दोन बाजूंना कागद, तीन बाजू उघड्या. मी ती आणायला वळलो, पण अर्धी चांदणी काय द्यायची असं वाटलं. काहीतरी दिल्याशिवाय तिला पाठवणंही जमेना. म्हणून मी बादलीत हात घातला, तळातून शाडूचा मूठभर गोळा काढला आणि तिच्यापुढे धरला.

“हे घे. खेळायला. छान माती आहे, पेणची.”

तिनं गोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाईट वाटू नये म्हणून असेल, पण तिनं नीट, समजावून सांगितलं.

“नको, गुरुजी. तिकडं मातीच हाय.”

दोघं रस्त्याला लागले. कंपनीची बस गेली, तेव्हा ती थांबली आणि मान वर करून बसची पाटी वाचू लागली. आवाज माझ्यापर्यंत आला नाही. बापानं हात ओढला.

संध्याकाळी केंद्रप्रमुख बाईंचा निरोप आला, ‘स्तुत्य उपक्रम’, पुढे दोन अंगठे. मी पेणच्या एसटीत बसलो होतो. कंडक्टर ओळखीचा. तिकिटाचे पैसे देताना त्यानं माझा हात बघितला. बोटांच्या पेरांत शाडू वाळून पांढरा झाला होता.

“काय गुरुजी, शाळा सोडून कारखान्यात लागलात काय?”

एरवी मी यावर पेणपर्यंत पुरेल एवढं बोललो असतो. त्या दिवशी मी हात खिशात घातला आणि खिडकीबाहेर बघत राहिलो.