दाराला लावलेली चप्पल

मुलगी ओसाकात नोकरीला आहे. तिच्या एवढ्याशा घरात जागा नव्हती, म्हणून तिनं मला जवळच्या एका स्वस्त हॉटेलात ठेवलं. तसली हॉटेलं तिकडं प्रत्येक स्टेशनाबाहेर असतात, सगळी एकसारखी. एक पलंग, एक टेबल आणि आपोआप बंद होणारं दार.

ते दारच माझ्या डोक्यात गेलं. आमच्या गावी, कारध्यात, दिवसा दार उघडंच असतं. भरदिवसा लावलेलं दिसलं, की येणारा-जाणारा हाक मारतो, "काय झालं जी, बरे आहा ना सगळे?" म्हणून मी दाराच्या फटीत चप्पल अडकवली आणि खुर्ची ओढून तिथंच बसलो.

थोड्या वेळानं काउंटरवरची पोरगी आली. कमरेतून वाकली, चप्पल उचलून आत ठेवली आणि दार लावून गेली. मी पुन्हा चप्पल लावली. दुपारपर्यंत असं तीनदा झालं. मग तिनं माझ्या मुलीला कळवलं आणि मुलीचा मला फोन आला.

"बाबा, दार लावून घ्या ना. इथं असं चालत नाही."

"काहून? मी का चोरी करून राहिलो?"

तिनं फोन ठेवून दिला. मी बाहेर पाहिलं. मजल्यावर सोळा दारं होती, त्यातली पंधरा बंद. सकाळपासून कुणी कुणाला हाक मारली नव्हती. शेजारच्या खोलीत मात्र कुणीतरी सारखं खोकत होतं.

चप्पल मी दारातच राहू दिली. अनवाणीच गेलो आणि शेजारचं दार ठोठावलं.