माझं गाजलेलं मरण

बीट शिजायला ठेवलं, की त्या मातकट-गोड वासानं मला माझं सर्वांत गाजलेलं मरण आठवतं. नागपुरातल्या एका दवाखान्यात मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे. बाळंतपणानंतर एखादीला भयंकर रक्तस्राव झाला तर काय करायचं, याची रंगीत तालीम एकदा आमच्या तेव्हा नव्या असलेल्या डॉक्टर मॅडमनी ठरवली आणि बाळंतीण म्हणून मला निवडलं, कारण गणपतीच्या नाटकांत रडायचं काम माझ्याचकडे असे. बिटाच्या पाण्यानं चादर लालभडक केली, मी टाहो फोडला, सगळ्या धावल्या. एकीनं पोट चोळलं, दुसरीनं सलाईन लावल्याचं सोंग केलं. पण गर्भाशय आकसवून रक्त थांबवणारं इंजेक्शन फ्रिजमध्ये कुलूपबंद, आणि किल्ली घेऊन मोठ्या सिस्टर चहाला गेलेल्या. मी थोडं कण्हले, मग मान टाकली, जीभही बाहेर काढली. तेवढ्यात मोठ्या सिस्टर परतल्या. “उठ वं, काहून पडून राहिली अजून?” मी एक डोळा उघडला. “मी तं केव्हाचीच मेली, सिस्टर! किल्लीची वाट पाहून राहिली होती.” कुणीच हसलं नाही. सिस्टरांनी कुलूप काढून मॅडमच्या हातावर ठेवलं, ते पुन्हा कधी लागलं नाही. पुढे भिवापूरकडची एक बाळंतीण खरोखरच तशी वाहू लागली, तेव्हा माझी हाक पुरी व्हायच्या आत इंजेक्शन तिच्या मांडीत गेलं होतं. संध्याकाळी ती सासूवर खेकसत होती, “पोरीले टोपडं उलटं घातलं ना तुम्ही!” आजही तालमीत बाळंतीण मीच बनते. पण या नव्या पोरी मला इतक्या झटपट वाचवतात, की मरायला मिळतच नाही.