ज्याची गाडी, त्याला मत नाही

दातवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे त्यांच्याकडे येत आणि मागच्या अंगाच्या खोलीत बसून ते त्यावरून कवळ्या तयार करत. मेणात दात लावायचे, मेण वितळवून त्या जागी गुलाबी ऍक्रिलिक भरायचं, ते शिजवायचं आणि मग घासून घासून त्याला चकाकी आणायची. हे दात ज्यांच्या तोंडात जात त्यांची आणि दातवाल्यांची सहसा गाठ पडत नसे. रस्त्यात एखादे आजोबा मनापासून हसले की मात्र दातवाले थबकत, आपलंच काम आहे का ते बघत आणि मग हसण्याचं कारण विचारण्याच्या भानगडीत न पडता पुढे जात.

या धंद्याने त्यांना एक खोड लावली होती. गाडी दिसली की ते आधी तिचं तोंड बघत. पुढची जाळी म्हणजे दात. एखादीचा जबडा पुढे आलेला, एखादीचे दात किडके, हल्लीच्या बऱ्याचशा तर सरळ बोळक्या. इंजिनाबद्दल त्यांना फारसं कळत नसे. पण स्वप्नातल्या गाडीला इंजिन असतंच कुठे?

रोज संध्याकाळी काम आटोपलं की ते सायकलवाल्यांच्या दुकानात जात. तिथे टायरट्यूबच्या वासात एक लांब बाक होता आणि त्या बाकावर जगातल्या उत्तमोत्तम मोटारींची चर्चा चाले. सायकलच्या दुकानात मोटारींची चर्चा कशी, असं कोणी विचारलंच तर सायकलवाले सांगत, "मोटारीच्या दुकानात विकणारे असतात. बोलणारे लागतात ते इथेच."

बोलणारे चौघे. सायकलवाल्यांना उघड्या टपाची गाडी हवी होती. टक्कल पडल्यापासून ती ओढ जास्तच वाढली होती. औषधाच्या दुकानवाल्याला जमिनीला टेकेल इतकी बुटकी, पिवळी आणि दोन दारांची हवी होती. निवृत्त कॅशियरना काळी, लांबलचक, ड्रायव्हर असलेली आणि मागे पडदे लावलेली. "जन्मभर काचेच्या आड बसलो," ते म्हणत, "आता पडद्याआड बसायचंय." आणि दातवाल्यांना हवी होती जुन्या काळची, उभ्या पट्ट्यांच्या रुंद चमचमत्या जाळीची. पूर्ण बत्तीशी.

बाकाचा नियम एकच होता: ज्याची गाडी, त्याला मत नाही.

नियम अनुभवातून आला होता. पूर्वी बाकावर एक विमावाले होते. लाल रंगाच्या बारा सिलिंडरच्या गाडीबद्दल ते असे बोलत की समोरच्याचा चहा हातातच गार होई. पुढे त्यांनी खरोखरच एक गाडी घेतली आणि माणूस हातचा गेला. उघडलं तोंड की मायलेज. हायवेला किती देते, गावात किती देते, एसी लावला तर किती देते. शेवटी बाकाने त्यांना एक नवीकोरी सायकलची घंटी भेट दिली आणि सन्मानाने निरोप दिला.

दातवाल्यांवर हे संकट आलं ते मेहुण्याच्या रूपाने. मेहुणा परदेशी निघाला आणि जाताना आपली लहानशी करडी गाडी बहिणीच्या दारात उभी करून गेला. बहीण, म्हणजे दातवाल्यांची बायको, हॉस्पिटलात हेड सिस्टर होती. हॉस्पिटल नुकतंच गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेलं होतं, त्यामुळे तिने गाडीकडे एकदा, घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि शिकायला सुरुवात केली. महिन्याभरात ती गाडी चालवू लागली. दातवाले मात्र तिकडे चोरून बघत. गाडीच्या पुढच्या जाळीची एक पट्टी तुटलेली होती. ऐन समोरचा दात.

बाक सुटला तर आपलं कसं होणार, हा विचार त्यांना झोपू देईना. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घातल्यासारखं काम करायचं आणि स्वतः तोंड उघडायला जगात ती एकच जागा. घरी बायको दमून येई. आई होती, पण आईशी बोलायचं म्हणजे ऐकायचं. तेव्हा त्यांनी गाडीबद्दल बाकावर अवाक्षर काढलं नाही. बायको ड्यूटीवरून परतताना त्यांना घ्यायला येई, तर त्यांनी तिला पोस्टाच्या कोपऱ्याअलीकडे यायचं नाही असं बजावून ठेवलं.

"लोक काय काय लपवतात," बायको म्हणाली. "तुम्ही गाडी लपवताय. तीही माझी."

"थोडे दिवस."

"माझी हरकत नाही हो. फक्त उद्या कोणी विचारलं की रोज संध्याकाळी कोपऱ्यावर गाडीत बसून तुम्ही कोणाची वाट बघता सिस्टर, तर नाव तुमचंच सांगणार आहे."

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी औषधवाला आपल्या पिवळ्या गाडीचं वर्णन करता करता अगदी रंगात आला. गाडी डोंगरावरून समुद्राकडे उतरत होती. सायकलवाल्यांनी हातातला पाना खाली ठेवला होता. कॅशियरनी डोळे मिटले होते. आणि दातवाले बोलून गेले,

"पण ती स्पीडब्रेकरला खाली घासणार. आणि उभी कुठे करणार?"

डोळे उघडले. त्या बाकावर इतक्या वर्षांत शेकडो गाड्या येऊन गेल्या होत्या, पण एकही कधी कुठे उभी करावी लागली नव्हती.

"दातवाले," कॅशियर हळूच म्हणाले. खोटी नोट हाताला लागल्यावर ते याच आवाजात बोलत असावेत. "हे तुम्ही कुठे शिकलात?"

दातवाल्यांनी थोडं इकडेतिकडे केलं, टायरच्या भावाचा विषय काढून पाहिला, त्याने प्रकरण आणखीच बिघडलं, आणि शेवटी सगळं सांगून टाकलं. सायकलवाले उठले आणि त्यांनी खुंटीवरची एक घंटी काढून फडक्याने पुसायला घेतली.

"अहो, गाडी हिची आहे," दातवाले म्हणाले. "मला चालवता येत नाही."

"घरात आहे ना?"

"दारात आहे."

"मायलेज किती देते?" औषधवाल्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"माहीत नाही."

"बघा, पढून आलेत."

या चौकशीत वेळेचं भान राहिलं नाही. कोपऱ्यावर वाट बघून कंटाळलेली करडी गाडी थेट दुकानासमोर येऊन थांबली आणि तिने हॉर्न दिला. पुढच्या सीटवर दातवाल्यांच्या आई देवळातल्या मूर्तीसारख्या ताठ बसल्या होत्या. त्यांना मागे बसलं की मळमळे, आणि गाडी कुठेही निघाली तरी त्यांना त्याच दिशेला काम असे; संध्याकाळी परतताना वाटेतून त्यांना उचलावंच लागे.

"वहिनी, एक साक्ष हवी होती," कॅशियर काचेशी वाकून म्हणाले. "या गाडीत यांचं स्थान काय?"

"मागे. भाजीच्या पिशवीशेजारी," बायको म्हणाली. हेड सिस्टरला आवाज चढवावा लागत नाही. "पिशवी सांडू नये म्हणून धरायला."

बाकावर थोडी कुजबुज झाली. भाजीबरोबर मागे बसणाऱ्याला मालक म्हणणं कठीण होतं. घंटी परत खुंटीला जाणार, एवढ्यात औषधवाला पुढे जाऊन गाडीचं तोंड न्याहाळू लागला आणि तिथेच उकिडवा बसला. जाळीची एक पट्टी बाकीच्यांहून जरा जास्तच देखणी होती. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं.

"हे ऍक्रिलिक आहे. पॉलिश कवळीचं आहे."

सगळ्यांनी दातवाल्यांकडे पाहिलं. दातवाल्यांनी चपलेकडे पाहिलं.

"पेशंट म्हणून आली होती," ते म्हणाले. "पुढचा दात नव्हता. बघवेना."

हा मुद्दा अवघड होता. कॅशियरनी बराच वेळ हनुवटी चोळली. त्यांच्या तोंडात वरची जी कवळी होती ती दातवाल्यांनीच केलेली होती, हे इथे सांगायला हवं.

"कवळी करणारा तोंडाचा मालक होत नाही," त्यांनी अखेर निकाल दिला. "नाहीतर माझं काय होईल? पण दातवाले, पुन्हा पार्किंगचं नाव काढलंत तर घंटी."

दातवाल्यांचा जीव भांड्यात पडला. निकालाच्या आनंदात कॅशियरना सभ्यपणा सुचला. "वहिनी, नियमाप्रमाणे तुम्हाला मत नाही. तरी विचारतो. तुमच्या स्वप्नातली गाडी कुठली?"

बायकोने विचार करायलाही वेळ घेतला नाही. "जिच्यात मी एकटी असेन," ती म्हणाली.

"काय म्हणते ती?" आईंनी विचारलं.

"काही नाही गं. पेट्रोलचं बोलतेय," दातवाले म्हणाले आणि पिशवीशेजारी जाऊन बसले.

घरी जाईपर्यंत ते पिशवी धरून विचार करत राहिले. बाकावर सिलिंडर झाले, रंग झाले, पडद्यांचं कापडसुद्धा ठरलं. गाडीत कोण बसणार हा प्रश्न मात्र कोणाला पडला नव्हता. प्रत्येकजण आपल्या स्वप्नात एकटाच बसला होता आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

बायकोच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दातवाल्यांनी आईला आ करायला सांगितलं.

"वरची ढिली झालीय तुझी. आजच बसवून देतो. दिवस जाईल."

"मला नाही वाटत ढिली."

"तुला कशी वाटेल? धंदा माझा आहे."

कवळीशिवाय आई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. त्या खुर्चीत तोंड मिटून बसल्या आणि घरात अपूर्व शांतता पसरली. दातवाल्यांनी खुंटीवरून किल्ली काढून बायकोपुढे धरली.

"कुठे जाऊ?" तिने विचारलं.

"मला काय माहीत? गाडी तुझी."

तिने किल्लीकडे पाहिलं, मग त्यांच्या दुसऱ्या हातातल्या कवळीकडे. तिला दातांतलं कळत नसलं तरी नवऱ्यातलं कळत होतं. ती पर्स न घेताच गेली.

दुपार उलटून गेली तरी ती आली नव्हती. दातवाल्यांनी दोनदा पॉलिश केलेली कवळी तिसऱ्यांदा केली, आईच्या तोंडात बसवली, चार वाक्यं ऐकून घेतली आणि संध्याकाळी ते चालत बाकावर गेले.

"गाडी कुठाय?" औषधवाल्याने विचारलं.

"ती घेऊन गेली. एकटीच."

"कुठे?"

"विचारलं नाही."

कॅशियर बाजूला सरकले. "म्हणजे आज तुमच्याकडे गाडी नाही."

"नाही."

"मग बोला."

दातवाले टेकून बसले. आज ते जाळीपासून सुरुवात करणार नाहीत हे सगळ्यांना कळलं, आणि सायकलवाल्यांनी पाना खाली ठेवला.

"लहानशी असावी," ते म्हणाले. "एकाच माणसापुरती. हवं तिथे घेऊन जायची, कोणी विचारायचं नाही." त्यांनी पोस्टाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "पण मागे एक घडीची सीट असावी. एरवी दिसायची नाही अशी. कधी बोलावलंच, तर बसायला."