‘ऐक पोरी’ आणि ‘वा चाचा’ यांच्या मधली धून

रविवारी दुपारी ताट वाढून घेतलं आणि रफीकभाईंचा फोन आला. "ताई, जरा घरला येऊन जाताय काय? अब्बांच्या त्या रेकॉर्डिंगमधलं कायतरी गेलंय बघा."

मी कोल्हापुरात एक छोटासा पॉडकास्ट चालवते. गाणारे, वाजवणारे, जत्रेत नकला करणारे... ज्यांना कुणी स्टुडिओत बोलावत नाही त्यांच्या घरी जाऊन गप्पा रेकॉर्ड करते. कॅमेरा नाही, नुसता आवाज. दोन माईक, एक रेकॉर्डर आणि नको तेवढा उत्साह.

महिन्याभरापूर्वी रफीकभाईंच्या वडिलांकडे, दिलावरचाचांकडे गेले होते. चाचांनी उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. आता वराती डीजेवर निघतात, बँड कधीच मोडला, रफीकभाई कागलच्या एमआयडीसीत कामाला जातात. चाचांचे पुढचे दात पडले तशी फुंकही गेली... कवळी लावून वाजवायला गेलं की कवळीच सुटते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

त्यांच्या वडिलांनी बांधलेली एक धून होती. नवरी निघताना, पाठवणीला वाजवायची. कागदावर कुठेही नाही, वाजवणारे एकेक करून गेले, ती येणारे एकटे चाचा उरले.

कोडोलीच्या बँडमधल्या शिवाजीरावांना ती शिकायची होती, पण वयामुळे चाचांसारखीच त्यांचीही येण्याजाण्याची पंचाईत. म्हणून चाचा मला म्हणाले, "तुझं झालं की त्याला धाडून दे पोरी. त्येच्या बोटात गेली म्हंजे मी सुटलो."

मग त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर घेतली. "ऐक पोरी" म्हणाले... आणि फुंकता येत नाही म्हणून बोटं चाव्यांवर चालवत धून नाकातल्या नाकात गुणगुणली. अगदी हळू. चाव्यांची बारीक टकटक आणि ते गुणगुणणं, बस. मी रडले, खोटं कशाला सांगू.

घरी येऊन काय केलं? दर वेळी करते तेच. फाईल त्या आवाज साफ करणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकली. खरखर काढ, पंख्याची घरघर काढ, मधली शांतता काढ... एक बटण दाबलं की सगळं चकाचक. सुरुवात ऐकली, शेवट ऐकला आणि केलं अपलोड. पुढच्या पाहुण्यासाठी रेकॉर्डरचं कार्ड मूळ रेकॉर्डिंगसकट पुसून मोकळी झाले.

कमेंटमध्ये तर नुसता वर्षाव. अंगावर काटा आला काय, डोळे पाणावले काय... मी प्रत्येकाला हात जोडलेला इमोजी पाठवत बसले होते.

रविवारी पोचले तर चाचा खाटेवर. आठ दिवसांपूर्वी अंगावरून वारं गेलेलं... उजवी बाजू पूर्ण गेली होती आणि वाचाही. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि मी तरी कुठे विचारलं होतं?

चाचांना बरं वाटावं म्हणून घरचे तो एपिसोड लावत होते. रफीकभाईंनी मोबाईल माझ्यासमोर धरला. चाचांचा आवाज, "ऐक पोरी." आणि लगेच माझा, "वा चाचा! क्या बात है!"

मध्ये काहीच नाही. अ‍ॅपला ते गुणगुणणं पंख्यासारखं वाटलं आणि टकटक म्हणजे कचरा. उरलेली शांतता त्यानेच कापून दोन्ही टोकं जोडली... आणि मी कशाला दाद देतेय ते ऐकणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

एकाला वाटलं होतं. फोन चाळला तेव्हा शिवाजीरावांचा तीन आठवड्यांपूर्वीचा मेसेज दिसला, "ताई, धून कुठं हाय यात?" त्यावर मी घाईत लिहिलं होतं, "शेवटी शेवटी आहे, नीट ऐका." तेव्हा चाचा धडधाकट होते... त्या दिवशी नुसतं तपासलं असतं तर परत जाऊन दहा मिनिटांत काम झालं असतं.

मी सगळं सांगून टाकलं. चाचींनी एवढंच विचारलं, "परत काढता येत न्हाय व्हय ते?" मी नाही म्हणाले. त्या आत चहा टाकायला गेल्या.

मी शिवाजीरावांना फोन केला. संध्याकाळी ते कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून आपली क्लॅरिनेट घेऊन आले. चाचांनी डाव्या हाताने खूण केली, रफीकभाईंनी त्यांची क्लॅरिनेट छातीवर टेकवून धरली, आणि चाचांची डावी बोटं चालायला लागली.

शिवाजीराव बोटं बघून वाजवू लागले... पहिल्यांदाच ती धून मी खऱ्या फुंकेत ऐकली. पण क्लॅरिनेटला वरचे सूर डाव्या हाताचे, खालच्यांना उजवा लागतो. धून खाली उतरली की चाचांची बोटं थांबायची. डोळे मिटून मानेने ताल मोजत राहायचे, आणि वर आली की पुन्हा सुरू.

तीनदा वाजवून झालं. शिवाजीरावांनी क्लॅरिनेट खाली ठेवली. "वरचं घावलं, चाचा," ते म्हणाले. "खालचं आता कुठनं आणू?"

निघताना मी पायाला हात लावला तर चाचांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. ते रागावले नाहीत असं रफीकभाई म्हणतात. मला ते माहीत नाही... रागवायला त्यांच्याकडे आता शब्द नाहीत, आणि त्या क्षणी मला त्याचंच हायसं वाटलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.