पहाऱ्यावरच्या नसा

साठच्या दशकात बंगळूरमधल्या शिवाजीनगरच्या बाजारात एक म्हातारे चिनी दातांचे डॉक्टर बसायचे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आईची दाढ ठणकत होती, पण दात काढायच्या खुर्चीत बसली की तिचं ब्लडप्रेशर चढायचं. इस्पितळातून दोनदा परत पाठवलं, तेव्हा मी तिला यांच्याकडे नेलं.

त्यांनी बारीक सुया आणि बॅटरीची पेटी काढली. आई दचकली.

"अक्का, आधी मला," म्हणत त्यांनी स्वतःच्याच हातात सुया टोचून तारा जोडल्या. बोटं टकटक उडू लागली तसे ते लहान मुलासारखे हसले. मग आईला सुया लावून तिच्याजवळ बसून राहिले.

"घाबरलेल्या नसा पहाऱ्यावर उभ्या राहतात," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "त्यांना जरा बसवलं, की रक्त निवांत वाहतं."

अर्ध्या तासाने त्यांनी प्रेशर मोजलं. "सरी अक्का, ठीक आहे, उतरलं!" ते कानडी मिसळून म्हणाले.

दाढ निघाली. प्रेशरच्या गोळ्या मात्र सोडू नका, असं त्यांनी पुन्हापुन्हा बजावलं.

बसस्टॉपवर आई गालात कापूस धरून माझ्यावर कडाडली, "प्रेशरच्या नावाखाली आठवडाभर कसली ती तुझी अळणी आमटी!" दुखण्याने इतके दिवस गप्प झालेली माझी आई भांडत होती. मी सगळं ऐकून घेतलं. फार बरं वाटत होतं.