सहा व्होल्टची जीप आणि बारा व्होल्टचा मी

"मेस्त्री, ही हेडलाईट हाय का देवापुढचं निरांजन?"

निपाणीचे तंबाखूवाले आप्पा माझ्या गॅरेजात जीपपुढं वाकून विचारत होते. अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात माझ्या तोडीचा ऑटो इलेक्ट्रिशियन नाही, असं त्या ऐंशीच्या दशकात आमच्या खासबाग भागात सगळे म्हणत. म्हणजे मी म्हणे, बाकीचे ऐकत.

जीप महायुद्धातली, मिलिटरीच्या लिलावातली. आप्पांनी दोन वर्षं खपून इंजिन, पत्रा, सगळं उभं केलं होतं. रविवारी बेळगावात जुन्या गाड्यांची रॅली. दिवे नीट लागले नाहीत तर गाडी बाद.

वायरिंग सेट म्हणजे गाडीच्या शिरांचा जुडगा. जुना सेट समोर पसरून तसाच हातानं बांधायचा, नाहीतर दुकानातला तयार आणायचा. हातानं बांधायला आठवडा मोडतो. मी नव्या जीपचा तयार सेट आणला. काय रंग होते त्याचे! इंद्रधनुष्यानं मान खाली घातली असती.

पण जुनी जीप सहा व्होल्टची, सेट बारा व्होल्टचा. पाण्याला दाब कमी असला की नळी जाड लागते, तसं व्होल्ट कमी तिथं वायर जाड लागते. माझ्या वायरी शेवयांसारख्या. उजेड वाटेतच संपत होता.

"मग जुन्यासारखाच बांधा की," आप्पा म्हणाले. "जुना सेट कुठं हाय?"

"जाळला, आप्पा."

"जाळला?"

"तांबं काढायला. सगळी गॅरेजं जाळत्यात."

ओसरीवर विड्या वळणाऱ्या शेजारच्या सुशीलाक्कानं मान वर केली. "व्हय मेस्त्री, आमी विडी आधी बांधतो, मग लोकं पेटवत्यात. तुमी आधीच पेटवलासा!"

आप्पा हसले नाहीत. मला ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

जीपच्या अंगावर वायरी धरणाऱ्या जुन्या क्लिपा तेवढ्या शिल्लक होत्या. त्यांवरून सुतळी फिरवली, मापं घेतली, फळीवर खिळे ठोकले, जाड वायरी ताणल्या. जुडगा बांधताना माझ्या गाठी सैल पडत होत्या. अक्कानं मेणदोरा हातातून ओढून घेतला. "सरका तिकडं." दिवसाला हजार विड्या बांधणारी बोटं ती, बोटभर अंतरानं सरसर गाठी पडल्या.

रविवारी हेडलाईट लागल्या. परीक्षकानं भर दुपारी डोळ्यांवर हात धरला आणि गाडी पास केली. "वायरिंग कुणाचं?" त्यानं विचारलं.

"आमच्या सुशीलाक्काचं," आप्पा म्हणाले. मी शेजारीच उभा होतो.

तेव्हापासून नवे दिवे लागेपर्यंत मी जुना सेट जाळत नाही. आणि आधी बॅटरी बघतो. व्होल्ट तिच्यावर लिहिलेले असतात.