सुषमाची उजवी बाजू

त्या सकाळी मी नेहमीसारखे दोन कटिंग मागवून बसले होते. सुषमा अजून यायची होती. तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा, प्रकाश भावोजींचा फोन आला. "सुषमा गेली, नीलाताई," एवढंच बोलले. झोपेतच गेली म्हणे. समोरच्या दुसऱ्या चहावर साय धरत गेली आणि मी तिच्याकडे बघत राहिले.

घाटकोपरच्या या गाळ्यात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून रेडियमचे स्टिकर नि दुकानांच्या पाट्या करत आलो. गिऱ्हाईक मोबाइलवर नखाएवढं चित्र पाठवतं, छत्री म्हणा, घंटा म्हणा, आणि सांगतं, मोठं करून द्या. मोठं केलं की नुसते चौकोन! मग ते रेषांनी पुन्हा आखायचं. एकदा आखलं की भिंतीएवढं करा, कड फाटत नाही, हवी तिथे रेषा वळवता येते. आता एक बटण दाबलं की कॉम्प्युटरच आखून देतो, पण सुषमाला त्याचा भारी राग. "त्याला मळसुद्धा चित्रच वाटतं गं," म्हणायची आणि हाताने आखत बसायची. गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून मी करवादायचे, ती ढिम्म. तिची एकच युक्ती होती. घंटा, छत्री असलं दोन्ही बाजूंनी सारखं काही असेल तर अर्धं नीट काढायचं, उलटवायचं, जोडायचं. मलाही तिनेच शिकवली.

तेराव्यानंतर भावोजी गाळ्यावर आले. सुषमा फोटोला कधी धड उभीच राहायची नाही. त्यांच्याकडे एकच होता, कुठल्याशा ग्रुप फोटोतून कापलेला, समोरून, पुसट. भिंतीवर लावायचाय, मोठा करून द्याल का, म्हणाले. बाई गं... रोज ऐकलेलंच वाक्य.

बटण दाबून पाहिलं, तर नाक गायब आणि गालावर डाग. मग तिच्यासारखी हाताने आखायला बसले. उजवा कान, कुडी, चष्म्याची दांडी... फोटोत दिसत नव्हतं तेही भराभर उतरत गेलं. डाव्या बाजूला आले आणि हात थांबला. काही म्हणता काही आठवेना. इतकी वर्षं ती माझ्या डावीकडे बसायची, तोंड स्क्रीनकडे. बोलायचोसुद्धा स्क्रीनकडे बघतच. तिची डावी बाजू मी नीट पाहिलीच नव्हती. शेवटी तिचीच युक्ती केली. अर्धं उलटवलं, जोडलं. समोर एक छान, नीटनेटकी बाई आली, आणि ती सुषमा नव्हती. कोणीच नव्हती. मी मोठ्याने रडले. गाळ्यात ऐकायला होतं कोण?

ते सगळं पुसून टाकलं. फोटो होता तसा, लहानच, फ्रेम करून भावोजींना दिला. "याहून मोठी केली तर ती राहणार नाही," म्हटलं. त्यांनी काच शर्टाच्या बाहीने पुसली आणि पिशवीत ठेवली.

नंतर माझ्यासाठी मी तिला आखलं, मला दिसायची तशी, एका बाजूने. फोटो लागला नाही. काळ्या रेडियममध्ये कापून तिच्या खुर्चीपलीकडच्या भिंतीवर चिकटवलं, ती बसली की डोकं यायचं त्या उंचीवर. परवा एका दवाखान्यासाठी दाताचं चित्र आखून झालं. स्क्रीनवरून नजर न काढता मी म्हटलं, "बघ गं, जमलाय का?"

आणि नेहमीसारखीच... मी मान वळवली नाही.